ईएनटीसीनंतर मेंदूकडे: कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्समध्ये एमएस, पीएचडी की पोस्टडॉक?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, मी पुण्यात बीई ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आहे. सिग्नल प्रोसेसिंग आवडतं आणि मेंदू कसा चालतो याचं वेड आहे. बायोलॉजी दहावीलाच सुटली. कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्समध्ये, म्हणजे गणित आणि कॉम्प्युटर वापरून मेंदूचा अभ्यास करण्यात, पुढे शिकायचं तर भारतात की बाहेर? एमएस करू की सरळ पीएचडी? आणि माझा मावसभाऊ फिजिक्समध्ये पीएचडी संपवतोय, त्याला पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी) इकडे वळता येईल का?"

मावसभावाचं उत्तर एका शब्दात देता येतं, म्हणून ते आधी: येईल. या शाखेतली बरीच मोठी माणसं फिजिक्समधूनच आली आहेत. मेंदूविज्ञानातला मोठा पुरस्कार, २०२४ चा ब्रेन प्राइझ, लॅरी अबट, टेरेन्स सेजनोव्स्की आणि हाइम सोम्पोलिन्स्की यांना मिळाला. तिघंही मुळात फिजिक्सचे, अबट तर कणभौतिकी करत होते. त्याच वर्षी फिजिक्सच्या नोबेलचे एक मानकरी होते जॉन हॉपफिल्ड. त्यांनी १९८२ साली स्मृतीचं जे मॉडेल मांडलं, त्याचं गणित चुंबकांच्या अभ्यासातून आलं होतं. तेव्हा भाऊ वाट चुकलेला नाही. त्याने अर्ज कुठे करावेत ते शेवटी लिहिते.

तुझं उत्तर लांब आहे, कारण "कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स" या एका पाटीमागे तीन वेगळी बिऱ्हाडं राहतात आणि तुला कुठल्या बिऱ्हाडात जायचंय हे तू लिहिलेलं नाहीस. बहुधा तुलाही ते अजून माहीत नसेल. मलाही तुझ्या वयात माहीत नव्हतं. मीही इलेक्ट्रॉनिक्सचीच.

पहिल्या बिऱ्हाडात एकेक न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, सर्किट म्हणून बघतात. हॉजकिन आणि हक्सली यांनी माकूळ जातीच्या प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये जी समीकरणं लिहिली, ती उघडलीस तर तुला घरी आल्यासारखं वाटेल: एक कपॅसिटर, त्याला समांतर काही रेझिस्टर, प्रत्येकाला आपली बॅटरी. गंमत एवढीच की ते रेझिस्टर व्होल्टेज पाहून स्वतः बदलतात. दुसऱ्या बिऱ्हाडात असे हजारो न्यूरॉन एकमेकांना जोडले की काय होतं याची थिअरी चालते. इथे लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी आणि डायनॅमिकल सिस्टिम्स हेच पोळी-भाजी. तिसऱ्यात डेटा. न्यूरोपिक्सेल्सचा एक प्रोब, म्हणजे मेंदूत घालायची इलेक्ट्रोडची सुई, केसाएवढा बारीक असतो आणि एका वेळी ३८४ चॅनलवर रेकॉर्डिंग करतो. त्यातून शेकडो न्यूरॉन वेगळे काढायचे आणि उंदराने डावीकडे वळायचं केव्हा ठरवलं हे त्यात शोधायचं. तुझं सिग्नल प्रोसेसिंग इथे पहिल्या दिवसापासून कामाला येईल. म्हणूनच तुला हेच सोपं वाटेल आणि म्हणूनच मी सांगेन, जरा थांब.

कुठलं बिऱ्हाड हे ठरवायला पाठ्यपुस्तकं घेऊन बसू नकोस. एक रविवार काढ. "लीकी इंटिग्रेट-अँड-फायर" नावाचं मॉडेल आहे. त्याची मूळ कल्पना लुई लापिक या फ्रेंच शास्त्रज्ञाची, १९०७ सालची. न्यूरॉन म्हणजे गळकी बादली. वरून करंट ओतायचा, खालून तो गळतो, पातळी काठाला लागली की एक स्पाइक (न्यूरॉनचा विजेचा ठोका) आणि बादली रिकामी. पायथनमध्ये वीस ओळीही लागत नाहीत. आकडे मी देते: विश्रांतीचं व्होल्टेज उणे ७० मिलिव्होल्ट, उंबरठा उणे ५०, स्पाइकनंतर परत उणे ७०, रोध १०० मेगाओहम, टाइम कॉन्स्टंट २० मिलिसेकंद. आता ०.१९ नॅनोअँपिअर करंट दे. न्यूरॉन जन्मभर गप्प बसेल. ०.२१ दे. सेकंदाला सोळाच्या आसपास स्पाइक येतील. ०.३ केलास तर पंचेचाळीस. हे कोड लिहायच्या आधी वहीत करून बघ. आरसी सर्किट आणि एक लॉगॅरिदम, दुसऱ्या वर्षाचा अभ्यास आहे. उत्तर जुळलं नाही तर टाइमस्टेप मोठा घेतला असशील.

मग खरा भाग. करंट पुन्हा ०.१९ वर आण आणि त्यात थोडा नॉइज मिसळ. आता तो गप्प बसणारा न्यूरॉन मध्येच टक करतो, मध्येच बराच वेळ शांत. सरासरी इनपुट उंबरठ्याच्या खाली, तरी स्पाइक येतायत, आणि तेही बेशिस्त. खऱ्या मेंदूत कॉर्टेक्समधले (बाहेरच्या थरातले) न्यूरॉन बरेचसे असेच वागतात. इथे तुझ्या डोक्यात काय येतं ते बघ. "ही बेशिस्त येते कुठून" असं वाटलं तर पहिलं बिऱ्हाड. "पुढच्या न्यूरॉनला यातून काही कळणार कसं" असं वाटलं तर दुसरं. "खऱ्या डेटात हे कसं ओळखायचं" वाटलं तर तिसरं. आणि "कोड चालला, आता जेवायला जाऊ" एवढंच वाटलं तर त्यातही वाईट काही नाही, पण मग यात पाच-सहा वर्षं घालू नकोस. तुझ्या कौशल्याला इतरत्र जास्त पैसे मिळतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे न्यूरोमॅच अकॅडमी. कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये सुरू झालेली तीन आठवड्यांची ऑनलाइन शाळा. दिवसभर चालते, छोट्या गटात, सगळं पायथनमध्ये, शेवटी प्रोजेक्ट. फी देशानुसार कमी-जास्त असते. तीन आठवडे रोज आठ तास यात बसवलं की आवड आहे की नुसतं कुतूहल, हे आपोआप कळतं. अर्ज उन्हाळ्याच्या बऱ्याच आधी भरावा लागतो, त्यामुळे आत्ताच बघून ठेव.

आता भारत. "एमएससी कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स" अशी डिग्री शोधत बसलीस तर हाती फार काही लागणार नाही. इथे लोक बायोलॉजी, इलेक्ट्रिकल, फिजिक्स, कॉग्निटिव्ह सायन्स अशा वेगवेगळ्या दारांनी आत येतात आणि आत गेल्यावर एकमेकांना भेटतात. म्हणून डिग्री न शोधता माणसं शोध. तू पुण्यात आहेस, पाषाणला आयसर ही केंद्रीय विज्ञान संस्था आहे. तिथे सुहिता नाडकर्णी सिनॅप्सच्या, म्हणजे दोन न्यूरॉनमधल्या जोडाच्या, पातळीवरचं मॉडेलिंग करतात, कॉलिन्स असीसी नेटवर्कचं आणि वासाच्या संवेदनेचं काम करतात, आणि राघव राजन यांच्या लॅबमध्ये झीब्रा फिंच पक्ष्यांच्या गाण्याचा अभ्यास होतो. ईएनटीसीच्या मुलीला पक्ष्याचं गाणं म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, याहून सोपा पूल कुठला? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कॉलेजच्या लॅबमध्ये आर्डुइनोवर न करता अशा एखाद्या ठिकाणी करता येईल का ते विचार. कॉलेजची परवानगी काढायला दोन चकरा जास्त होतील, पण तो प्रोजेक्ट पुढे दहा वर्षं पुरेल.

मुंबईत टीआयएफआरचा जीवशास्त्र विभाग आणि आयआयटी बॉम्बेचा बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभाग आहे. बंगळुरूला या विषयाची खरी दाटी आहे. एनसीबीएस या टीआयएफआरच्या जीवशास्त्र केंद्रात उपिंदर भल्ला यांनी पेशींच्या आतल्या सिग्नलिंगपासून न्यूरॉनपर्यंतचं मॉडेलिंग उभं केलं. कॅलटेकमध्ये विद्यार्थी असताना जेनेसिस नावाचा सिम्युलेटर घडवणाऱ्यांत ते होते, आणि पुढे त्यांच्या लॅबमधून 'मूस' हा दुसरा सिम्युलेटर आला. स्मृती आणि प्लॅस्टिसिटी (न्यूरॉनमधले जोड बदलणं) यांच्या मॉडेलिंगवरची 'कॅम्प' ही शाळा तिथेच भरते, ती नजरेत ठेव. आयआयएससीमध्ये सेंटर फॉर न्यूरोसायन्स आहे (सुप्रतिम राय यांचं मेंदूतल्या जलद विद्युतलहरींवरचं, म्हणजे गॅमा लहरींवरचं, काम वाच), आणि तिथल्याच मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिटमध्ये ऋषिकेश नारायणन आहेत. आयआयटी मद्रासला श्रीनिवास चक्रवर्ती हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाची, म्हणजे बेसल गँग्लियाची, आणि पार्किन्सन्सची मॉडेल्स करतात. मानेसरला नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर, हैदराबादला ट्रिपल आयटीची कॉग्निटिव्ह सायन्स लॅब. प्रवेशासाठी गेट दे, कारण तो स्कोअर बऱ्याच दारांना लागतो. टीआयएफआर आणि एनसीबीएसची परीक्षा वेगळी असते, तीही दे.

बायोलॉजी सुटल्याची भीती मनातून काढ. मी मुलाखतीच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. इंजिनिअरला आम्ही पेशीचे भाग विचारत नाही. आयगेनव्हॅल्यूचा अर्थ चित्र काढून सांग म्हणतो, संभाव्यतेतलं बेझचं एक गणित देतो, आणि तुझ्याच प्रोजेक्टमधला एखादा आलेख दाखवून "हा असा का आला?" असं विचारतो. मुलं पडतात ती या तिसऱ्या प्रश्नावर. प्रोजेक्ट दुसऱ्याने केला असेल तर ते दोन मिनिटांत कळतं.

बाहेर जायचं तर एमएस की पीएचडी हा प्रश्न देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत चार वर्षांच्या बीईवर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, ट्यूशन माफ आणि स्टायपेंड मिळतो, पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये फिरून मग गाइड ठरतो. स्वतःच्या पैशाने दोन वर्षांचं एमएस करायला कर्ज काढणार असशील तर माझं मत स्पष्ट आहे: या विषयासाठी नको. पिट्सबर्गला कार्नेगी मेलन आणि पिट विद्यापीठ यांचं एक जुनं संयुक्त केंद्र आहे, न्यूरल कॉम्प्युटेशनची पीएचडी तिथे या नावानेच मिळते. बॉस्टन, न्यूयॉर्क, प्रिन्स्टन, सान दिएगो इथेही मोठे गट आहेत. अर्जाच्या तारखा बहुतेक डिसेंबरच्या सुरुवातीला येतात. पण एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत संशोधनाच्या निधीला कात्री लागली आणि काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. सगळी अंडी तिकडे ठेवू नकोस.

जर्मनीत साधारणपणे आधी मास्टर्स लागतं, आणि ते या विषयात तिथे खरोखर उत्तम आहे. बर्लिनच्या बर्नस्टाइन सेंटरचा मास्टर्स इंग्रजीत आहे, ट्यूशन नाही, मुलं मोजकीच घेतात आणि तुझी गणिताची क्रेडिट्स बारकाईने मोजतात. सिलॅबसच्या प्रती आत्ताच गोळा करून ठेव, नंतर विद्यापीठात त्यासाठी फेऱ्या मारताना जीव मेटाकुटीला येतो. ट्युबिंगनही चांगलं, पण त्या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. गोटिंगनला एमएससी आणि पीएचडी जोडून करता येते. भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. "जर्मनीत शिक्षण फुकट" असं ज्या काकांनी सांगितलं असेल त्यांना हा आकडा दाखव. झुरिकला ईटीएच आणि झुरिक विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ न्यूरोइन्फॉर्मॅटिक्सचा मास्टर्स आहे. मेंदूसारख्या चिप्स बनवण्यात रस असेल तर ईएनटीसीवालीला याहून योग्य जागा मला माहीत नाही.

लंडनचं गॅट्सबी युनिट थिअरीवाल्यांचं. १९९८ मध्ये जेफ्री हिंटन यांनी ते सुरू केलं. पीएचडीला फेलोशिप मिळते, पण गणित पक्कं लागतं. 'पक्कं' म्हणजे परीक्षेत नव्वद मिळण्याएवढं नव्हे, स्वतः सिद्धता लिहिता येईल एवढं. आणि जपानमधलं ओकिनावाचं ओआयएसटी आपल्याकडे फार कमी मुलांना माहीत असतं. तिथे विभागच नाहीत, सगळ्या पीएचडी विद्यार्थ्यांना पैसे मिळतात, आणि पहिल्या वर्षी तीन लॅबमध्ये फिरताना त्यातली एक आपल्या विषयाबाहेरची घ्यावीच लागते. भिन्न विषय एकत्र आणायचे म्हणजे काय, हे मला त्या एका नियमात जास्त दिसतं.

कारण याच बाबतीत मी स्वतः तोंडावर पडले होते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला दुसऱ्या लॅबने रेकॉर्ड केलेला डेटा मिळाला. तीन महिने खपून त्यात मी एक सुंदर लय शोधून काढली. स्पेक्ट्रममध्ये सुळक्यासारखं टोक, गॅमा पट्ट्याच्या अगदी मधोमध, प्राणी जागा असताना, झोपलेला असताना, सगळीकडे. मी पोस्टरचा मसुदासुद्धा केला. मग ज्यांनी रेकॉर्डिंग केलं होतं त्या ताई चहाला आल्या, आलेख बघितला आणि म्हणाल्या, "अगं, हे बरोब्बर ५० हर्ट्झवर आहे." भिंतीतली वीज! अर्थिंग नीट नव्हतं. ईएनटीसी शिकलेल्या मुलीने मेन्सचा हम ओळखू नये? पण प्रयोगशाळेत पाऊलच टाकलं नव्हतं तर ओळखणार कशी? दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रिगवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या मांडणीपाशी, नेलं, इलेक्ट्रोड खाली सरकवला, स्पीकर लावला. आधी नुसता खरखराट, आणि मग कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा न्यूरॉनचा आवाज. तो ऐकल्यावर डेटाकडे बघायची माझी नजर बदलली.

म्हणून कोर्सचं माहितीपत्रक वाचताना मी एकच गोष्ट शोधायला सांगते: थिअरी करणारे आणि प्रयोग करणारे एकाच मजल्यावर बसतात का? त्यांच्या शोधनिबंधांवर दोघांची नावं एकत्र दिसतात का? हे संकेतस्थळावर अर्ध्या तासात कळतं. तिथल्या पीएचडीच्या मुलांना ईमेल टाकून विचार की गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतो आणि मुलं साधारण किती वर्षांत बाहेर पडतात. गाइडबद्दलची खरी माहिती मुलांकडून मिळते.

ईमेलवरून आठवलं. "रिस्पेक्टेड सर, आपल्या प्रतिष्ठित प्रयोगशाळेत काम करण्याची मला तीव्र इच्छा आहे" अशी पत्रं मला आठवड्याला पाच-सहा येतात, कित्येकदा "सर" म्हणूनच. ती मी वाचत नाही. गेल्या वर्षी एका मुलाने सहा ओळी पाठवल्या होत्या: आमच्या निबंधातली तिसरी आकृती त्याने स्वतः पुन्हा काढून बघितली, एका पॅरामीटरला ती जुळली नाही, कोड सोबत जोडलं होतं. चूक आमची होती, टेबलमध्ये एक शून्य राहिलं होतं. तो आता माझ्या लॅबमध्ये आहे. तुला हे जमण्यासारखं आहे. सगळे निबंध नकोत, तीन निवड, एकातली एक आकृती पुन्हा काढ. एसओपीमध्ये (अर्जासोबतच्या निवेदनात) "लहानपणापासून मेंदूचं आकर्षण" लिहिण्यापेक्षा त्या आकृतीबद्दल चार ओळी लिही.

पैशाचं बोलू, कारण घरी तोच प्रश्न येणार. भारतात पीएचडीला जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,००० आणि वर घरभाडं. पंतप्रधान फेलोशिप मिळाली तर याहून बरंच जास्त. जर्मनीत पीएचडी म्हणजे करारावरची नोकरी, बऱ्याचदा ठरलेल्या वेतनश्रेणीच्या ६५ टक्के. बाहेर काय आणि इथे काय, एकटीचं नीट भागतं, घरी फार पाठवता येत नाही. तुझ्यावर कर्ज असेल किंवा धाकट्या भावंडांचं शिक्षण असेल तर दोन वर्षं नोकरी करून ये. या शाखेत ते कमीपणाचं मानत नाहीत, उलट चांगला कोड लिहिणारी मुलगी सगळ्यांना हवी असते. आणि पीएचडीनंतर सगळेच प्रोफेसर होत नाहीत. माझ्याबरोबरचे काही जण मेडिकल उपकरणांच्या कंपन्यांत गेले, काही मशीन लर्निंगमध्ये, आणि मजेत आहेत.

आता मावसभाऊ. त्याला सांग, सगळ्यात आधी ह्युमन फ्रंटिअर सायन्स प्रोग्रॅमची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप बघ. फिजिक्स, गणित, इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करून पहिल्यांदाच जीवशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठीच ती आहे. प्रबंध सादर करून मग शोधत बसला तर उशीर होईल, अशा अर्जांना आधी यजमान लॅब पटवावी लागते आणि त्यात चार-सहा महिने सहज जातात. युरोपसाठी मारी क्युरी फेलोशिप, जर्मनीसाठी हुम्बोल्ट. न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इन्स्टिट्यूटमध्ये आणि कोलंबियाच्या थिअरी केंद्रात फिजिक्सवाल्यांची परंपराच आहे. भारतात राहायचं असेल तर एएनआरएफ या सरकारी संशोधन-निधी संस्थेची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप. बाहेर जाऊन परत यायचा विचार असेल तर रामलिंगस्वामी फेलोशिपचे नियम आत्तापासूनच वाचून ठेवलेले बरे.

त्याला एक धोका मात्र तुझ्यापेक्षा जास्त आहे. फिजिक्सची माणसं येताना आपलं मॉडेल घेऊन येतात आणि त्याला बसेल असा मेंदू शोधतात. ईव्ह मार्डर या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी खेकड्याच्या पोटाच्या स्नायूंना चालवणाऱ्या जेमतेम तीस न्यूरॉनच्या जाळ्यावर दशकं घालवली. त्यांच्या गटाने दाखवलं की आतले पॅरामीटर खूप वेगवेगळे असूनही बाहेर लय तीच येऊ शकते. म्हणजे मॉडेलची लय जुळली म्हणून आतलं गणित बरोबर ठरत नाही. तीस न्यूरॉनची ही तऱ्हा! पोस्टडॉकच्या पहिल्या सहा महिन्यांत त्याने समीकरण लिहूच नये, एखाद्या प्रयोगवाल्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसावं, असं माझं म्हणणं त्याला कळव. रागावला तर ती ५० हर्ट्झची गोष्ट सांग.

तुझा गेटचा फॉर्म भरायचा असेल, तो आधी भर. रविवारी ती बादली करून बघ, आणि ०.१९ वर नॉइज मिसळल्यावर काय दिसलं ते आलेखासकट मला पाठव. मग कुठल्या बिऱ्हाडाला कुठलं गाव, यावर पुन्हा बोलू.